अशुभाची समस्या आणि नीळकंठशास्त्री गोरे : एका वादाच्या दोन बाजू

प्रस्तावना

आपल्या महाविद्यालयांतून धर्माचे तत्त्वज्ञान शिकविताना अशुभाची समस्या बहुधा एकाच क्रमाने मांडली जाते. ईश्वर सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि परम दयाळू असेल तर जगात दुःख का, हा प्रश्न प्रथम येतो. मग लायब्निझने १७१० मध्ये दिलेले उत्तर, १ नोव्हेंबर १७५५ चा लिस्बनचा भूकंप, त्यानंतर व्होल्तेअरने केलेला उपहास आणि अखेरीस ह्यूमच्या निधनानंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे संवाद. भारतीय दर्शनांचा तास वेगळा असतो. तेथे कर्मसिद्धान्त शिकविला जातो. परंतु तो याच प्रश्नाचे एक उत्तर आहे आणि त्यावर कडाक्याचा वाद झालेला आहे, हे विद्यार्थ्यांच्या कानांवर क्वचितच पडते.

एकोणिसाव्या शतकात काशीतील एका मराठी शास्त्र्याने या प्रश्नावर दोन ग्रंथ लिहिले. पहिल्यात त्याने हा प्रश्न ख्रिस्ती मतावर रोखला. पंधरा वर्षांनी दुसऱ्या ग्रंथात कर्मसिद्धान्तावर. मधल्या काळात त्याने धर्म बदलला होता. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या धर्मांतरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत निबंधात त्यांच्या युक्तिवादाचा विचार केला असून, धर्म बदलला तरी त्यांच्या विचारात काय बदलले नाही, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

वादाची पूर्वपीठिका

प्रश्न भारतीय परंपरेस नवा नव्हता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात तो दोन आक्षेपांच्या रूपाने आला आहे. ईश्वराने जग निर्माण केले असेल तर कोणी सुखी, कोणी दुःखी या भेदामुळे त्याच्यावर पक्षपाताचा, म्हणजे वैषम्याचा, दोष येतो. आणि प्राण्यांना दुःख देऊन अखेर सर्वांचा संहार करीत असल्यामुळे क्रौर्याचा, म्हणजे नैर्घृण्याचा. ईश्वर जीवांच्या कर्मांच्या अपेक्षेने सृष्टी करतो, हे त्यावरील उत्तर. शंकराचार्यांनी येथे पर्जन्याचा दृष्टान्त दिला आहे. पाऊस सर्व पिकांना सारखाच. भात आणि जव यांतील भेद बीजांमुळे होतो. पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कोठून आले, या पुढच्या शंकेला संसार अनादि आहे असे उत्तर दिले जाते. हे उत्तर शंका मिटवते की केवळ मागे ढकलते, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

या जुन्या प्रश्नाला नवे टोक आले ते १८३९ मध्ये. कंपनी सरकारच्या सेवेतील स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर यांनी त्या वर्षी कलकत्त्याहून ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने, श्लोकबद्ध शैलीत त्यात ख्रिस्ती धर्माचे मंडन आणि हिंदू मतांचे खंडन केले होते. पुढे भारतविद्येचे थोर अभ्यासक म्हणून ख्याती पावलेले म्यूर ते हेच. गंगा-यमुनेच्या दुआबातील १८३७-३८ चा भीषण दुष्काळ नुकताच सरला होता. त्या प्रांतात दुःख हा शब्द केवळ पारिभाषिक उरला नव्हता, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

‘मतपरीक्षे’ला पंडितांकडून तीन उत्तरे आली. सिहोर येथील ज्योतिषी सुबाजी बापू यांनी सोमनाथ या नावाने त्याच वर्षी दिलेले उत्तर सौम्य होते. ईश्वरानेच भिन्न लोकांसाठी भिन्न मार्ग ठरविले असून ज्याने त्याने आपल्या मार्गाने जावे, असा त्याचा आशय. कोपर्निकसच्या मताचा पुरस्कार करणारे हे मराठी पंडित स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहेत. बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे १८४० चे उत्तर मात्र आक्रमक होते. तिसरे आणि तात्त्विक दृष्ट्या सर्वांत भक्कम उत्तर म्हणजे १८४४-४५ मधील ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. त्याचे कर्ते नीळकंठ गोरे त्या वेळी अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’तील आक्षेप

गोरे यांचा जन्म १८२५ चा, झाशीनजीकच्या एका चित्पावन घराण्यातील. कुटुंब काशीत स्थायिक होते आणि शिक्षण न्याय व व्याकरण या शास्त्रांचे झाले होते. त्यामुळे प्रतिपक्षाच्या मताचा एक धागा पकडून तो शेवटपर्यंत ओढावयाचा, ही नैयायिकांची सवय या ग्रंथात पदोपदी दिसते.

त्यांनी पकडलेला धागा पूर्वजन्माच्या अभावाचा आहे. ख्रिस्ती मतानुसार प्रत्येक जीवाचा हा पहिलाच आणि एकच जन्म. मग जन्मतःच आंधळे किंवा व्याधिग्रस्त असलेले बालक कोणत्या अपराधाचे फळ भोगते? अपराध नसताना दुःख देणारा ईश्वर न्यायी कसा? आदिमानवाच्या पापाचा वारसा हे उत्तर त्यांना मान्य नाही, कारण एकाच्या कृत्याचे फळ दुसऱ्याने भोगावे हेच मुळी अन्यायाचे लक्षण आहे. याच कारणास्तव एकाने दुसऱ्यांच्या पापासाठी प्राण देणे हेही त्यांना न्यायाशी विसंगत वाटते. पशूंचा प्रश्न याहून बिकट होतो. त्यांना परलोक नाही, त्यांच्याकडून पापही घडत नाही, तरी ते दुःख भोगतात. कर्मसिद्धान्तात या दुःखाला निदान एक जागा आहे. शेवटचा आक्षेप अनंत नरकाचा. थोड्या वर्षांच्या आयुष्यात केलेल्या मर्यादित पापाला अमर्याद शिक्षा, आणि तीही ज्यांचे असे होणार हे आधीच ठाऊक असून ज्यांना निर्माण केले त्यांना!

हे आक्षेप वाचताना ह्यूमची आठवण झाल्यावाचून राहत नाही. परंतु साम्य येथेच संपते. ह्यूमच्या संवादांत हा प्रश्न धर्माला अनुभवाच्या कसोटीवर आणतो. गोरे यांना तसे काहीच करावयाचे नाही. तर्काने धर्माचा निर्णय होत नाही, शास्त्रावर श्रद्धा आधी आणि तर्क तिचा सेवक, ही त्यांची स्पष्ट भूमिका आहे. मिशनरी तर्काच्या बळावर वेदांवर हल्ला करतात, तेव्हा तोच तर्क त्यांच्या शास्त्राची काय दशा करतो हे त्यांना दाखवावयाचे आहे. अशुभाची समस्या येथे प्रतिपक्षाला त्याच्याच शस्त्राने जखमी करण्याचे साधन आहे.

दुसरी बाजू

काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद करण्यास गेलेले गोरे हळूहळू स्वतःच्याच पक्षाविषयी साशंक झाले आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव नेहेम्या झाले. १८५३ मध्ये त्यांच्या पत्नीचे, कन्येच्या जन्मानंतर लवकरच, निधन झाले. पुढील वर्षी ते महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. १८६० मध्ये कलकत्त्याहून त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

या ग्रंथात आघात करणारा तोच नैयायिक आहे. फक्त पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची अदलाबदल झाली आहे. न्यायमतातील ईश्वर जीव निर्माण करीत नाही, परमाणूही निर्माण करीत नाही, कारण दोन्ही नित्य आहेत. तो केवळ कर्मफळांची व्यवस्था पाहतो. अशा ईश्वरावर क्रौर्याचा दोष येत नाही हे खरे, परंतु त्याचे ईश्वरत्वच उणावते. पूर्वजन्मीचा अपराध ज्याला आठवत नाही त्याला दिलेली शिक्षा सुधारणेच्या उपयोगाची नाही. प्रत्येक दुःख हे पापाचेच फळ असले पाहिजे, या गृहीतकालाही पुरावा नाही. दुःखामागे ईश्वराचे अन्य हेतू असू शकतील आणि ते सर्व मानवी बुद्धीला कळतीलच असे नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही ग्रंथांत खंडन बलवान आणि मंडन दुबळे आहे. विशीतील गोरे ईश्वराचा न्याय मानवी न्यायाच्या मापाने मोजतात. पस्तिशीतील गोरे ते माप खाली ठेवण्यास सांगतात. मात्र माप खाली ठेवण्याची मुभा त्यांनी पूर्वी मिशनऱ्यांना दिली नव्हती, आणि नंतर ती नैयायिकांनाही दिली नाही. आणखी एक उणीव दोहोंत समान आहे. जन्मांध बालक हे वादातील उदाहरण आहे. ज्याच्या माथी पूर्वजन्मीचे पाप मारले जाते त्या हीन मानलेल्या जातीतील माणसाला हा सिद्धान्त कसा वाटत असेल, याची चौकशी काशीतील पंडितांनी करणे अवघडच होते. ‘वैषम्य’ या शब्दात मात्र ती चौकशी दडलेली होती.

असे असूनही गोरे यांच्या विचारात एक गोष्ट अखंड राहिली, ती म्हणजे निराधार तर्काविषयीचा अविश्वास. पुढे मुंबई-पुण्यात त्यांनी ब्राह्मो व प्रार्थना समाजाच्या मंडळींशी वाद केला तो याच भूमीवर. शास्त्र नाकारून केवळ बुद्धीने दयाळू ईश्वर मानणाऱ्यांना ती कल्पना मुळात ख्रिस्ती धर्माकडूनच मिळाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निसर्गाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला दयेची खात्री पटत नाही, हे त्यांच्या पहिल्या ग्रंथातील आक्षेपांतूनच निष्पन्न होते; मात्र ही संगती प्रस्तुत लेखकाने लावलेली आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या पंडिता रमाबाईंनीही गोरे यांच्या लेखनाचे ऋण मान्य केले आहे. स्वतः गोरे यांना मात्र शंकांनी अखेरपर्यंत सोडले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

योगायोग असा की, १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद करणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी हेही १८२५ मध्येच जन्मले होते. तो वाद मराठीत, लोकांसमोर झाला आणि आपल्या स्मरणात राहिला. गोरे यांचा पहिला ग्रंथ संस्कृतात होता, आणि त्याच्या कर्त्यानेच त्याचा त्याग केला होता. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ‘षड्दर्शनदर्पणा’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध होऊन तेहतीस वर्षे झाली होती. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ मात्र सदाशिव कात्रे यांनी संपादित करून उज्जैनहून प्रसिद्ध केला तो १९५१ मध्ये.