सॉकेट-चुंबक

सॉकेट पान्याने सैल केलेला नट आट्यांवरून सुटताच खाली पडू नये, म्हणून सॉकेटच्या पोकळीत बसवला जाणारा छोटा चुंबक. इंजिनाच्या खाचाखोचांत, जिथे बोटे पोहोचत नाहीत, तिथे याचे महत्त्व कळते: एक नट आत पडला, तर तो शोधायला निम्मी जुळणी उतरवावी लागते. नट परत चढवतानाही तो सॉकेटमध्ये टिकून राहतो. चुंबक बहुधा निओडिमियमचा असतो. बोल्टचे टोक नटाबाहेर लांब आलेले असल्यास ते चुंबकाला अडते. त्यामुळे काही नमुन्यांत तो स्प्रिंगवर बसवून मागे सरकता ठेवतात.

पितळ, ॲल्युमिनियम आणि ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील यांच्या नटांवर चुंबक जवळपास निरुपयोगी ठरतो. तिथे रबरी कडे किंवा स्प्रिंगदार गोळीची पकड वापरतात. स्पार्क प्लगच्या सॉकेटमधील रबरी बुश याच जातीचा; तो प्लगच्या चिनी मातीच्या भागालाही जपतो. चुंबकाला लोखंडी कीस चिकटतो आणि नट तिरका बसतो, म्हणून चुंबक वरचेवर पुसणे आवश्यक असते. साधा निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे क्षीण होऊ लागतो.