पडदा जोडला, पण व्रण जिंकला

आजची गोष्ट डोळ्याच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची. आणि या गोष्टीतला व्हिलन कोण माहितीये? जखम भरून काढायची आपल्या शरीराची चांगली सवय.

सुरुवात करू स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरापासून. शंभरेक वर्षांपूर्वी पडदा सुटला की डोळा गेला, असंच धरून चालायचे. तिथले डॉक्टर ज्यूल गोनँ म्हणाले, पडद्याला आधी भोक पडतं, त्यातून पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटतो. म्हणून भोक शोधा आणि तिथे डाग द्या. डागलेल्या जागी व्रण धरतो आणि पडदा चिकटतो. हे पटायला लोकांना बरीच वर्षं लागली. १९२९ साली ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांना मान्यता मिळाली.

म्हणजे प्रश्न सुटला? छे! काही पेशंटचा पडदा छान चिकटायचा आणि काही आठवड्यांनी परत सुटायचा. आत बघावं तर पडद्यावर पांढरट पापुद्रे, आणि पडदा चुरगळलेल्या कागदासारखा.

१९७० मध्ये मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातला जेल कापून ओढून घेणारं बारीक यंत्र वापरलं. आधी त्याची चाचणी घेतली होती अंड्याच्या पांढऱ्यावर! आता आत शिरून पापुद्रे सोलता यायला लागले. पण सोलले तरी ते पुन्हा यायचे. मग हे बनवतं कोण? माखेमर आणि लाक्वा यांनी माकडांच्या डोळ्यांवर प्रयोग करून १९७५ मध्ये उत्तर दिलं: पडद्यामागच्या रंगीत थरातल्या पेशी. त्या एरवी जागेवर गप्प बसून पडद्याची देखभाल करतात. भोक पडलं की जेलमध्ये येतात, पडद्यावर बसतात, रूप बदलतात आणि व्रण विणायला लागतात. १९८३ मध्ये या आजाराला आजचं नाव मिळालं, पीव्हीआर.

पण या पेशींना 'चला, कामाला लागा' असं सांगतं कोण? इथे येतात दाहाचे निरोप नेणारे रेणू. टीजीएफ-बीटा हा त्यातला मोठा. १९८६ मध्ये तो नवजात उंदरांच्या कातडीखाली टोचला, तर दोन-तीन दिवसांत तिथे जखम भरताना येते तशी ऊती तयार झाली. १९८९ मध्ये माणसांच्या डोळ्यांतला जेल तपासला. पीव्हीआर झालेल्या डोळ्यांत याच रेणूचा एक प्रकार, साध्या सुटलेल्या पडद्याच्या तिपटीहून जास्त सापडला. पुढे इंटरल्युकिन-६, पीडीजीएफ अशी यादी वाढतच गेली.

व्हॉट्सॲप ग्रुपसारखं समजा. पडदा फाटला की रक्तातले प्रथिनं-पेशी आत झिरपतात, पहिला मेसेज पडतो. रंगीत पेशी तो वाचतात आणि स्वतःच नवे मेसेज टाकायला लागतात. एक नंबर ब्लॉक केला, तरी बाकीचे फॉरवर्ड करतच राहतात.

औषधांचंही तेच झालं. २००१ मध्ये लंडनच्या एका चाचणीत दोन औषधांच्या मिश्रणाने पीव्हीआर निम्म्यावर आला. सगळे खूश! पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तो फायदा टिकला नाही. स्टेरॉइडनेही ठोस उत्तर दिलं नाही.

मला यात एक गोष्ट फार चटका लावते. गोनँनी डाग दिला तो व्रण धरावा म्हणूनच. आजचं लेझरही तेच करतं. म्हणजे पडदा चिकटवणारा व्रण आणि पडदा ओढून काढणारा व्रण, दोघे सख्खे भाऊ. एकाला गप्प करताना दुसऱ्यालाही धक्का लागू शकतो.

आपल्या हातात मात्र वेळ आहे. पडदा जितका जास्त दिवस सुटलेला, तितका पीव्हीआरचा धोका जास्त. अचानक डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर 'उद्या बघू' नको. विशेषतः मोठ्या मायनस नंबरवाल्यांनो, किंवा डोळ्याला बॉल लागला असेल तर, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. निरोप फिरायच्या आत पोचायचंय.

चला, भेटू पुढच्या भागात!