श्रम सुटले, बैठक वाढली

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या कालव्यांवर धानाची मोठी शेती पोसली जाते. पावसाळ्यात एकीकडे बांधीतल्या चिखलात वाकून स्त्रिया पऱ्ह्यांची रोवणी करीत असतात, तर दुसरीकडे जलाशय पाहण्यासाठी शहरांतून गाड्या येतात. शहरी पाहुणा काही तास गाडीत बसून येतो, काठावर बसून डबा खातो आणि बसूनच परततो. सहल घडते खरी. पण शरीराच्या दृष्टीने तो दिवस कार्यालयातल्या दिवसाहून फारसा वेगळा नसतो.

बसून राहण्याचे दुष्परिणाम प्रथम ठळकपणे दिसले ते लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस या संशोधकाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसभर आसनावर असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे आढळले. बस तीच, रस्ता तोच; फरक प्रामुख्याने हालचालीचा होता. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातील साखर वापरतात. माणूस तासन्‌तास बसला की मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळजवळ स्वस्थ पडतात आणि हा वापर मंदावतो. म्हणूनच जेवणानंतरच्या शतपावलीला मधुमेहाच्या संदर्भात आजही महत्त्व आहे.

भारतातील चित्र चिंताजनक आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २००० साली देशातील सुमारे २२ टक्के प्रौढांची हालचाल अपुरी होती. २०२२ पर्यंत हे प्रमाण ४९ टक्क्यांवर गेले. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक आहे. घरकामात व्यायाम होतोच, हा समज त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

याचा अर्थ कष्ट म्हणजेच व्यायाम, असा नव्हे. रोवणीत कंबर तासन्‌तास एकाच स्थितीत वाकलेली राहते. विश्रांतीची वेळ आणि कामाचा वेग स्वतःच्या हाती नसतो. अशा श्रमांनी शरीर झिजतेही. त्या स्त्रियांना धावण्याचा सल्ला देणे हास्यास्पद ठरेल. त्यांना हवी आहे ती पाठीला उसंत.

शहरी माणसाची गरज उलटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालणे ही मध्यम हालचालीची सोपी खूण. सलग दहा मिनिटे झाली तरच ती धरावी, ही जुनी अट आता उरलेली नाही. एक मजला जिन्याने चढणेही जमेस धरले जाते.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे सांगितली आहेत. इथे खरी अडचण मुलांची नसून मोठ्यांची आहे. मैदानाचा तास शिकवणीला देणारे पालकच मूल सुस्त झाल्याची तक्रार करतात. विदर्भात तरी शरीरसाधनेची परंपरा नवी नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मधील. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. सूर्यनमस्काराला तर सतरंजीपुरती जागाही पुरते.

पासष्टीनंतर चालण्याइतकाच तोल महत्त्वाचा ठरतो, कारण या वयात पडणे फार महागात पडते. तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, अशी शिफारस आहे. भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते. हृदयविकार वा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि चालताना छातीत दुखले वा चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.