इतिवृत्तातली एक ओळ

रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा समितीच्या मंडळींनी माझ्याकडे जे काम दिलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. "काका, तुम्ही बँकेतले. जुनी इतिवृत्तं चाळा आणि सोसायटीचा काहीतरी इतिहास लिहा." ऑफिसच्या लोखंडी कपाटातून तीन रजिस्टरं काढली, धूळ झटकली आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसलो.

पहिल्याच रजिस्टरमध्ये ऑगस्ट १९९९ च्या सभेचं इतिवृत्त सापडलं. सोसायटीची नोंदणी नुकतीच झाली होती आणि चिटणीस मीच होतो, त्यामुळे अक्षर माझंच. विषय क्रमांक १: "कारगिल येथे धारातीर्थी पडलेल्या जवानांना सभेने दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली." विषय क्रमांक २: पाण्याची मोटर. विषय क्रमांक ३: पार्किंगचे पट्टे. मोटर आणि पार्किंगवर दोन-दोन पानं भरली आहेत. श्रद्धांजलीची ओळ एकच, आणि त्या ओळीत एकही नाव नाही.

कारगिलमध्ये आपले ५२७ जवान आणि अधिकारी कामी आले. सगळी नावं लिहिणं शक्य नव्हतं, हे खरं. पण त्या ओळीवरून माझी नजर काही हलेना. त्याचं कारण लेखाच्या शेवटी सांगतो. आधी अशी ओळ आपण लिहायला शिकलो कुठून, ते पाहू.

सभासद बंधू-भगिनींनो, आपली सर्वसाधारण सभा ही एका परीने विधिमंडळाची धाकटी भावंडच आहे. अध्यक्ष, विषयपत्रिका, सूचक, अनुमोदक, ठराव, इतिवृत्त, हे सारं तिकडूनच आलेलं. विधानसभेत २८८ सदस्य आणि विधान परिषदेत ७८. वर्षात तीन अधिवेशनं: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी. सभागृहात शोकप्रस्ताव येतो तेव्हा गेलेल्या माणसाविषयी बोललं जातं, सदस्य उभे राहून मौन पाळतात आणि ते सगळं कामकाजात नोंदलं जातं. मौन दोन मिनिटांत संपतं. नोंद मात्र राहते. मला विचाराल तर सभागृहाने केलेल्या गौरवाचा खरा गाभा ही नोंदच. भाषणं विरून जातात.

माझ्या आठवणीतला असा पहिला प्रसंग १९६२ चा. चीनने आक्रमण केलं होतं. ८ नोव्हेंबरला पंडित नेहरूंनी लोकसभेत ठराव मांडला आणि १४ नोव्हेंबरला सदस्यांनी उभं राहून तो संमत केला. आक्रमकाला भारतभूमीवरून हुसकून लावण्याचा निर्धार त्यात होता आणि प्राण दिलेल्या जवानांना आदरांजलीही होती. त्याच महिन्यात आपले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. मी तेव्हा खेड तालुक्यात शाळेत होतो. संरक्षण निधीचा डबा वर्गात फिरला तेव्हा मी चार आणे टाकले होते, ते अजून आठवतं. ठराव वगैरे काही कळत नव्हतं. यशवंतराव दिल्लीला गेले एवढं मात्र गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आता अलीकडचं. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यात दोघं आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. राज्याने दोन्ही कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपयांची मदत जाहीर केली. पाठोपाठ २५ फेब्रुवारीला मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी बालाकोटच्या हवाई हल्ल्याची बातमी आली आणि विधानसभेने हवाई दलाचं अभिनंदन केलं. सीमेवरचा तणाव वाढला, बंदोबस्तातले पोलीस मोकळे करायला हवेत, म्हणून २८ फेब्रुवारीलाच अधिवेशन आटोपतं घेतलं.

योगायोग असा, की ज्या दिवशी मुंबईत ते अधिवेशन सुरू झालं त्याच दिवशी, २५ फेब्रुवारीला, दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्धस्मारकाचं उद्घाटन झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५,९४२ जणांची नावं तिथल्या भिंतींवर तेव्हा कोरली होती. एकेका शिळेवर एकेकाचं नाव. "असंख्य वीर" असं लिहून कुणाला भागवता आलं असतं. पण तसं केलं नाही, मोजून नावं लिहिली. स्वतंत्र भारताला त्यासाठी सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला, हेही नोंदवून ठेवतो.

या बाबतीत आपलं पुणं पुढे होतं. घोरपडीचं सदर्न कमांडचं युद्धस्मारक १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालं, आणि ते उभं राहिलं नागरिकांच्या वर्गणीतून. त्याही आधीचं पाहायचं तर साताऱ्याजवळचं आपशिंगे घ्या. गावाच्या नावापुढेच लोक 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण परतले नाहीत. ब्रिटिशांनी तिथे दगड बसवला. परक्या सरकारचं युद्ध, पण नोंद केली. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ थडग्यांची निगा आजही राखली जाते. आपण तिच्या जवळून कितीदा तरी जातो. आत किती जण गेलो?

नोंदीचा हा मुद्दा मी ताणतोय असं कुणाला वाटेल. पण मी खडकीच्या एका शाखेत पेन्शनचं टेबल सांभाळलं आहे, म्हणून सांगतो. सैनिक गेल्यावर त्याच्या पत्नीला किती पेन्शन मिळणार, हे मृत्यूच्या कारणापुढे काय लिहिलंय त्यावर ठरतं. साधा मृत्यू असेल तर सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन, मूळ दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. मृत्यू सेवेमुळे झाला असं मान्य झालं तर विशेष, म्हणजे ६० टक्के. आणि 'बॅटल कॅज्युअल्टी' अशी नोंद असेल तर उदारीकृत, म्हणजे शेवटच्या पगाराइतकं. आपण भाषणात सरसकट 'शहीद' म्हणतो. पण या शब्दाची सैन्यदलात अधिकृत व्याख्याच नाही, हे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. शहीद हा शब्द फलकावर असतो, पासबुकात 'बॅटल कॅज्युअल्टी' चालते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बायका रांगेत उभ्या राहायच्या, नऊवारीतल्या म्हाताऱ्या आणि कडेवर पोर असलेल्या पोरीही. त्या कागदावर अंगठा घेताना मला हे सगळं ठाऊक असायचं. मी कधी कुणाला जास्त काही विचारलं नाही. खिडकीपुढे रांग असायची.

सभागृहालाही केवळ मौन पाळून भागत नाही. २०१७ साली विधान परिषदेच्या एका सदस्यांनी प्रचारसभेत सैनिकांच्या पत्नींविषयी नको ते उद्गार काढले. राज्यभर संताप उसळला. परिषदेने त्यांना दीड वर्षासाठी निलंबित केलं, पण पुढच्याच वर्षी, मुदत संपायच्या आत, निलंबन मागे घेतलं. दोन्ही निर्णय एकाच सभागृहाचे आणि दोन्ही नोंदलेले. वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

आणखी एक प्रकरण मला आपल्या सोसायटीच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं. मेजर अनुज सूद २ मे २०२० रोजी काश्मीरमधल्या हंदवाड्यात कामी आले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. कुटुंब पुण्यात राहणारं. पण राज्याच्या लाभांसाठी नियम असा, की जन्म महाराष्ट्रातला हवा किंवा पंधरा वर्षं सलग वास्तव्य हवं. फौजी माणूस सलग पंधरा वर्षं एका राज्यात राहणार कसा? त्याची नोकरीच देशभर फिरण्याची. त्यांच्या पत्नीला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने नाराजी व्यक्त केली आणि अखेर २०२४ मध्ये सरकारने विशेष बाब म्हणून एक कोटी रुपये मंजूर केले. नियमाची बाजूही मी समजू शकतो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला नियमाचा राग येत नाही. पण "हा आमचा की तुमचा" हा प्रश्न मेलेल्या माणसाबद्दल चार वर्षं चालावा, हे बरं वाटत नाही.

आपल्या सोसायटीत तर हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. इथे सातारचे आहेत, लातूरचे आहेत, तसे बिहारचे आणि केरळचेही आहेत. कुणी टेल्कोमुळे आले, कुणी बजाजमुळे, पुढची पिढी चाकणच्या कारखान्यांमुळे. शेजारी देहूरोडची छावणी, दिघी, दापोडीचं सी.एम.ई. निवृत्त फौजी इथेच घर घेऊन राहतात. आपलं गाव म्हणजे सगळ्यांचं मिळून झालेलं गाव.

आता त्या ओळीकडे येतो.

२०२० साली राज्य शासनाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींसाठी एका घराच्या मिळकतकरात माफीची योजना आणली. वर्षभराने बी विंगमधल्या एक वहिनी फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, एवढं भरून देता का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडलाय." मी चष्मा लावून दाखला वाचला. त्यांचे यजमान काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना गेले होते, सोसायटी होण्याच्या चार वर्षं आधी.

मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं एका जिन्याने ये-जा. गणपतीला त्यांच्या हातचे मोदक खाल्लेले. "यजमान नोकरीत असताना गेले" एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

मी म्हणालो, "वहिनी, कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलंच नाही, भाऊ." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पहिल्या मीटिंगला तुम्ही सगळ्यांना उभं केलं होतंत ना? मी पण उभी होते की. तुम्ही सगळे कारगिलसाठी, मी ह्यांच्यासाठी."

मी फॉर्म भरून दिला. अर्ज मंजूर झाला. पण परवा रजिस्टर उघडल्यावर माझंच अक्षर समोर आलं आणि वहिनींचं वाक्य आठवलं. त्या दिवशी सभागृहात, म्हणजे बांधकामाच्या वाळूवर मांडलेल्या वीस खुर्च्यांच्या आपल्या सभागृहात, एक नाव लिहिण्यासारखं होतं. फक्त विचारायचं होतं. चिटणीसाने विचारलं नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवी सर्वसाधारण सभेपुढे मी तीन सूचना ठेवणार आहे. एक, आपल्या सभासदांच्या घरांतलं कोण सैन्यात आहे, होतं किंवा कामी आलं, याची नोंदवही करावी. गाव कुठलंही असो. दोन, ज्यांना करमाफी, पेन्शन वा दाखल्याची कामं असतील त्यांना सोसायटीने माणूस द्यावा. तोवर हा म्हातारा आहेच, सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते बारा. तीन, दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी दारोदारी जाऊन जमवावा, आणि पावती देऊन जमवावा.

चौथी गोष्ट सूचना नाही, दुरुस्ती आहे. वहिनींना मी हा लेख वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "स्मरणिकेत नाव नको, भाऊ. नातेवाईक फोन करत बसतील. पण तुमच्या त्या वहीत लिहा." म्हणून या लेखात ते नाव नाही. येत्या सभेत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने ऑगस्ट १९९९ च्या त्या ओळीखाली हुद्दा, नाव आणि पलटण लिहिली जाईल. पंचवीस वर्षं उशिराने. बँकेत अशा नोंदीखाली तारीख टाकून सही करायची पद्धत आहे. ती सही मी करीन.

सभेला सर्वांनी वेळेवर यावं, ही विनंती. दोन मिनिटं उभं राहायचं आहे, आणि या वेळी नाव घेऊन.