कलकत्त्याच्या पडद्यावरील प्रेम आणि स्त्री

1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात तारामतीची भूमिका करून दुर्गाबाई खोटे यांनी पांढरपेशा घरातील मुलींना पडद्याची वाट मोकळी करून दिली. पुढल्याच वर्षी त्या कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'मध्ये मीरा झाल्या, आणि 1934 साली तेथल्याच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या बोलपटात सीता. दोहोंचे दिग्दर्शक देवकी बोस. एका मराठी नटीला कलकत्त्याने दिलेल्या या दोन भूमिका, योगायोगाने का होईना, फार सूचक आहेत. मीरा काय किंवा सीता काय, दोघींच्या प्रेमाची थोरवी त्यांनी जे सोसले त्यावरून ठरते. स्त्रीचे प्रेम मोजण्याचे हे माप कलकत्त्याच्या चित्रपटांनी पुढे दीर्घकाळ वापरले; आणि ते मोडण्याचे कामही त्याच शहराने केले.

1935 साली प्रमथेश बरुआ यांचा 'देवदास' आला. शरच्चंद्रांची मूळ कादंबरी 1917 सालची. तिच्यातील एक गोष्ट आपण सहसा विसरतो. मध्यरात्री एकटी निघून प्रियकराच्या खोलीत जाते ती पार्वती. लोक काय म्हणतील म्हणून भितो तो देवदास. पुढे स्वाभिमानाने नकार देणाऱ्या पार्वतीच्या कपाळावर तो काठीचा घाव घालतो आणि त्याचा व्रण ती जन्मभर वागवते. धैर्य तिचे, भय त्याचे. परंतु सारा देश रडला तो देवदाससाठी! बंगालीत बरुआ आणि हिंदीत सैगल यांच्या मुखाने प्रेम म्हणजे पुरुषाची व्यथा असे समीकरण रूढ झाले. पुण्याहून शांताराम यांनी 1939 साली काढलेला 'माणूस' हे या निराशेला दिलेले उत्तर मानले जाते. तथापि त्या वादातही मुख्य प्रश्न पुरुषाने प्रेमभंगानंतर जगावे कसे, हाच राहिला.

1953 साली 'साडे चुआत्तर'पासून उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन यांची जोडी जमली. सुमारे तीस चित्रपटांतून या जोडीने बंगालला प्रेमाची भाषा शिकविली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. सुचित्रा सेन यांची नायिका सुशिक्षित आहे, मानी आहे. पण 'हारानो सुर' (1957) पाहावा. तिच्यातील डॉक्टर स्त्री स्मृती गेलेल्या रुग्णाला जपते, त्याच्याशी विवाह करते. पूर्वस्मृती परतताच तो मात्र तिलाच विसरतो. मग ही डॉक्टरीण त्याच्या घरी मुलीला सांभाळणारी शिक्षिका होऊन राहते आणि त्याला आठवण येण्याची वाट पाहते. असित सेन यांच्या 'दीप ज्वेले जाइ' (1959) या चित्रपटात तर प्रेम हेच तिचे कर्तव्यकर्म ठरते. मनोरुग्णाला बरे करण्यासाठी परिचारिकेने प्रेमाचा अभिनय करावयाचा आणि तो बरा झाला की बाजूला व्हावयाचे. अखेर तीच वेडी होते. 1969 सालच्या 'खामोशी'मुळे ही कथा आपल्याकडेही परिचित झाली.

याच सुमारास बाहेरच्या जगात एक मोठी घडामोड चालली होती. 1947 च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती कलकत्त्याभोवती उठल्या. जमीन गेली, घर गेले; तेव्हा मध्यमवर्गीय घरातील मुली अर्थार्जनासाठी बाहेर पडल्या. ऋत्विक घटक यांच्या 'मेघे ढाका तारा' (1960) मधील नीता ही त्यांच्यापैकी एक. तिच्या पगारावर घर चालते, म्हणून तिचे लग्न कोणालाच परवडत नाही. ती ज्याच्यासाठी थांबते, तो तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न करतो. नीतेच्या वाट्यास क्षय येतो. मात्र शेवटी डोंगराळ भागातील आरोग्यधामात ती आपल्याला जगावयाचे होते असा आक्रोश करते, तेव्हा त्यागाची जुनी पूजा एकाएकी लाजिरवाणी वाटू लागते. मीरा आणि सीता यांच्यापासून चालत आलेल्या मापाला पहिला तडा गेला तो येथे.

सत्यजित राय यांनी पुढचे पाऊल टाकले. 'महानगर' (1963) मधील आरती घरोघर विणकामाची यंत्रे विकते. नवऱ्याला प्रथम पैसा हवा असतो. नंतर तिची नोकरी सलू लागते. आणि त्याची बँक बुडताच ती नोकरी पुन्हा हवीशी होते. तिच्या मनाचा विचार या हिशेबात कोठेच नाही. तो विचार तीच करते. एडिथ या अँग्लो-इंडियन सहकारिणीवर अन्याय झालेला पाहून, घरात दुसरी मिळकत नसताना, ती राजीनामा देते. नवरा क्षणभर हबकतो. पण मग तिच्या बाजूने उभा राहतो आणि दोघे त्या अफाट शहराच्या गर्दीत एकत्र चालू लागतात. या चित्रपटात प्रेमगीत नाही. परंतु पतिपत्नीच्या प्रेमाचे इतके समानतेचे दृश्य त्यापूर्वी क्वचितच दिसले असेल. दुसऱ्या वर्षी आलेल्या 'चारुलता'त माधवी मुखर्जी यांनीच साकारलेली नायिका हातातील दुर्बिणीने खिडकीतून रस्ता न्याहाळते. आणि शेजारून पुस्तकात डोके घालून गेलेल्या पतीलाही त्याच दुर्बिणीतून पाहते. पडद्यावर आजवर जिच्याकडे पाहिले जात होते, ती आता स्वतः पाहू लागली. रवींद्रनाथांची मूळ कथा 1901 सालची आहे. म्हणजे साहित्यात उघडलेली ही खिडकी पडद्यावर येण्यास साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

1961 साली राय यांच्या 'तीन कन्या'त अवखळ मृण्मयीची भूमिका करणाऱ्या अपर्णा सेन वीस वर्षांनी स्वतः दिग्दर्शिका झाल्या. '36 चौरंगी लेन' (1981) मध्ये त्यांनी एका वृद्ध, एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकेचे घर दाखविले. तरुण प्रेमिकांना एकांतासाठी ते घर हवे असते. लग्न झाल्यावर मात्र त्या बाईंची गरज उरत नाही. प्रेमकथेच्या झगमगाटात उंबऱ्याबाहेर कोण राहते, हा प्रश्न एका स्त्रीनेच विचारला. ऋतुपर्ण घोष यांच्या 'दहन' (1997) मध्ये भर रस्त्यावर एका स्त्रीची विटंबना होत असता धावून जाणारी शिक्षिका आहे. तिच्या प्रेमाची परीक्षा न्यायालयाच्या साक्षीतून होते, कारण तिने गप्प बसावे असे तिच्या वाग्दत्त वरालाच वाटते.

कलकत्त्यात दूरदर्शनचे केंद्र 9 ऑगस्ट 1975 रोजी सुरू झाले आणि पडदा माजघरात आला. त्यानंतर खासगी वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका आल्या. त्यांत सोसणारी सून अखेर जिंकते आणि तिचे सोसणे हाच तिचा सद्गुण ठरतो. तारामतीचे माप पुन्हा बाहेर काढले गेले आहे, असे कधीकधी वाटते. आणि हे बंगालीइतकेच मराठीलाही लागू आहे.

दोष केवळ मालिका रचणाऱ्यांचा नव्हे. रडविणारी नायिका आपणांस प्रिय असते, कारण तिचे अश्रू आपल्याकडून काहीच मागत नाहीत. आरतीचा राजीनामा मात्र काही मागतो. तो तिच्या नवऱ्याने मान्य केला. नीतेसाठी डोळे पुसत घरी परतणाऱ्या प्रेक्षकाने आपल्या घरातील मिळवत्या मुलीच्या मनात काय आहे, हे एकदा विचारले, तर कलकत्त्याच्या त्या चित्रपटांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.