अर्ध्या शेराचा प्रश्न

दुष्काळाचा इतिहास सांगताना पाऊस किती पडला आणि माणसे किती मेली, या दोनच आकड्यांकडे आपले लक्ष जाते. आम्ही जन्मभर हजेरीपटाशी झगडलो. म्हणून आमची नजर तिसऱ्या आकड्यावर जाते. दुष्काळी कामावर सरकार मजुरी किती देत होते?

१८७६-७८ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या पुरुषाला प्रारंभी दीड पौंड धान्याची किंमत व वर एक आणा मिळे. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी धान्याचा भाग एका पौंडावर, म्हणजे सुमारे अर्ध्या शेरावर आणला. याच टेंपलसाहेबांनी १८७४ साली ब्रह्मदेशचा तांदूळ आणून बिहारची माणसे जगविली होती; पण त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका पदरी आला. दख्खनच्या मजुरांनी त्या ठपक्याची भरपाई केली, असेच म्हणावे लागते.

मद्रासेत डॉ. कॉर्निश या आरोग्याधिकाऱ्याने या दराला कडाडून विरोध केला, आणि तेथे तो वाढवावा लागला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामेच टाकली. युनियन नाही, वर्गणी नाही. घरात दाणा नाही, तरी संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या सभेने, त्यांची बाजू घेतली. कामगार चळवळीच्या इतिहासात या संपाला मानाचे पान हवे.

या दुष्काळानंतर कमिशन बसले, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळाचे कायदेपुस्तक, फॅमिन कोड, तयार झाले. १८९६-९७ मध्ये टिळकांनी त्यातील कलमे ‘केसरी’तून शेतकऱ्यांना समजावून दिली. सरकारने लिहिलेले सरकारकडून वसूल करा, एवढेच ते सांगणे. पण तेवढ्यानेही सरकार बिथरले आणि १८९७ साली सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली.

पुस्तक असले म्हणजे ते उघडले जातेच असे नाही. १९४३ साली मुंबईत रेशनकार्डे निघाली. बंगल्याला कार्ड, चाळीलाही कार्ड. त्याच वर्षी बंगालमध्ये सरकारने कोडाप्रमाणे दुष्काळ जाहीरच केला नाही. तेथे सुमारे तीस लाख माणसे मेली, असा अंदाज आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने दुष्काळी कामे उघडली. मे १९७३ मध्ये त्यांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला या अनुभवाने बळ मिळाले. १९७७ साली कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मायबाप सरकारची मेहेरबानी होती, तेथे आता मागणाऱ्याचा हक्क आला.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सामान्य लाभार्थ्याला माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला. म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. टेंपलसाहेबांचा पौंड सुमारे ४५० ग्रॅमचा होता. तो राबणाऱ्याची मजुरी होती, हा घराला हातभार आहे. म्हणून दोन्हींची सरळ तुलना करू नये. पण हातभार किती आणि पोटाला लागते किती, हे मोजण्याचा अधिकार खाणाऱ्याचा आहे. १८७७ च्या संपकऱ्यांनी तो बजावला. कार्ड हाती आले म्हणून आपण तो सोडता कामा नये.