गॉल्फ, महिलांचे व्यावसायिक : आरंभकाळ

गॉल्फ या खेळात स्त्रियांचा सहभाग जुना असला, तरी गॉल्फवर स्वतंत्रपणे उपजीविका करणाऱ्या स्त्री-खेळाडूंची संघटना आणि तिच्या विद्यमाने वर्षभर चालणारी स्पर्धामालिका या गोष्टी विसाव्या शतकाच्या मध्यास अस्तित्वात आल्या. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५० मध्ये स्थापन झालेली ‘लेडीज प्रोफेशनल गॉल्फ असोसिएशन’ (संक्षेपाने एलपीजीए) ही या क्षेत्रातील सर्वांत दीर्घायुषी संस्था होय. तिच्या पहिल्या हंगामाचा इतिहास हा केवळ फटक्यांचा व विजयांचा नाही. स्त्रीच्या क्रीडाकौशल्यास वेतनाचा अधिकार आहे किंवा नाही, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

पूर्वपीठिका : गॉल्फमध्ये हौशी व व्यावसायिक हा भेद फार काटेकोरपणे पाळला जात असे. द्रव्यरूप पारितोषिक स्वीकारणारा खेळाडू हौशी स्पर्धांस अपात्र ठरे. सधन घरांतील स्त्रियांना या नियमाची झळ लागत नसे. ज्यांना खेळातूनच पोट भरावयाचे होते, त्यांची मात्र दुहेरी कोंडी होई. व्यावसायिक म्हणवून घ्यावे तर पुरेशा स्पर्धा नाहीत, आणि हौशी राहावे तर उत्पन्न नाही. बेब डिड्रिकसन झहेरियस (१९११–५६) हिचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९३२ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये भालाफेक व ८० मी. अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदके आणि उंच उडीत रौप्यपदक मिळविणाऱ्या या खेळाडूस अमेरिकी गॉल्फ संघटनेने १९३५ मध्ये व्यावसायिक ठरविले. हौशी दर्जा तिला पुन्हा मिळाला तो १९४३ मध्ये. त्यानंतर तिने १९४६ ची अमेरिकी व १९४७ ची ब्रिटिश हौशी अजिंक्यपदे जिंकली आणि मग ती स्वेच्छेने व्यावसायिक बनली.

त्या काळी व्यावसायिक स्त्री-खेळाडूचे मुख्य उत्पन्न पारितोषिकांचे नसून क्रीडासाहित्य बनविणाऱ्या कंपन्यांशी केलेल्या कराराचे असे. पॅटी बर्ग (१९१८–२००६) ही विल्सन कंपनीशी, लुईझ सग्ज (१९२३–२०१५) ही मॅग्रेगर कंपनीशी, तर मेरिलिन स्मिथ ही स्पॉल्डिंग कंपनीशी करारबद्ध होती. गावोगावी जाऊन प्रात्यक्षिके दाखविणे व कंपनीच्या साहित्याचा प्रसार करणे, हे या कराराचे स्वरूप होते.

पहिला प्रयत्न : दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, होप सेग्नियस, बेटी हिक्स व एलेन ग्रिफिन यांनी ‘विमेन्स प्रोफेशनल गॉल्फ असोसिएशन’ ही संस्था काढली. १९४६ मध्ये स्पोकॅन (वॉशिंग्टन राज्य) येथे तिने पहिली अमेरिकी खुली महिला स्पर्धा भरविली व तीत पॅटी बर्ग विजयी झाली. पुढील वर्षी ग्रीन्झबरो येथे बेटी जेमसन (१९१९–२००९) हिने ७२ होल २९५ फटक्यांत पूर्ण करून ३०० ची मर्यादा प्रथमच मोडली. १९४९ मध्ये सग्जने बेबवर १४ फटक्यांनी मात केली. म्हणजे खेळाची प्रत उच्च होती. परंतु संस्थेचा आर्थिक पाया कच्चा असल्याने दशकाच्या अखेरीस ती निष्प्रभ झाली.

स्थापना : विल्सन कंपनीच्या पुढाकाराने फ्रेड कॉर्कोरन (१९०५–७७) या अनुभवी व्यवस्थापकाकडे स्पर्धांच्या आयोजनाचे काम सोपविण्यात आले. पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेचे व्यवस्थापन त्याने पूर्वी केले होते. या प्रयत्नांतून १९५० मध्ये नवी संस्था उभी राहिली. ॲलिस बाऊअर, मार्लीन बाऊअर, पॅटी बर्ग, बेटी डॅनफ, हेलन डेटवायलर, हेलन हिक्स, ओपल हिल, बेटी जेमसन, सॅली सेशन्स, मेरिलिन स्मिथ, शर्ली स्पॉर्क, लुईझ सग्ज व बेब झहेरियस या तेरा जणी तिच्या संस्थापक-सदस्या मानल्या जातात. बर्ग ही पहिली अध्यक्षा झाली. संस्थापिकांत ओपल हिलचा जन्म १८९२ चा, तर मार्लीन बाऊअरचा १९३४ चा; साठीकडे झुकलेली स्त्री आणि सोळा वर्षांची मुलगी एकाच सनदेखाली व्यवसायबंधू झाल्या.

पहिला हंगाम : जानेवारी १९५० मधील टँपा (फ्लॉरिडा) येथील खुली स्पर्धा ही या मालिकेतील पहिली गणली जाते. ती जिंकली पॉली रायली (१९२६–२००२) या हौशी खेळाडूने. व्यावसायिक स्त्रियांच्या पहिल्याच स्पर्धेत पारितोषिकाच्या रकमेस हात न लावणारी विजेती ठरावी, यातून त्या काळी व्यावसायिक खेळाडूंची संख्या किती तोकडी होती आणि हौशी व व्यावसायिक यांच्या खेळात अंतर किती थोडे होते, हे ध्यानात येते.

त्या वर्षी १४ स्पर्धा झाल्या व त्यांतील पारितोषिकांची एकूण रक्कम सु. ५०,००० डॉलर होती. स्त्रियांचे तयार पोशाख बनविणारे उद्योजक ॲल्व्हिन हँडमॅकर यांनी पुरस्कृत केलेली ‘वेदरव्हेन’ मालिका हे या हंगामाचे वैशिष्ट्य होय. देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रत्येकी ३६ होलच्या चार स्पर्धा आणि त्यांतील १४४ होलच्या एकत्रित फटक्यांवर वेगळे पारितोषिक, अशी तिची रचना होती. खेळाडूंना किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत नेणारी ही योजना पोशाखाच्या जाहिरातीसाठी आखलेली होती, हे खरे. तथापि स्त्री-ग्राहकामुळे स्त्री-खेळाडूस आश्रयदाता मिळू शकतो, हे तीमुळे सिद्ध झाले.

हंगामावर प्रभुत्व होते ते बेबचे. टायटलहोल्डर्स, वेस्टर्न ओपन व अमेरिकी खुली स्पर्धा ही तिन्ही प्रमुख अजिंक्यपदे तिने एकाच वर्षी पटकावली. यांपैकी शेवटची स्पर्धा विचिटा (कॅन्झस राज्य) येथील रोलिंग हिल्स मैदानावर झाली आणि तीत तिने २९१ फटक्यांत, ९ फटक्यांच्या आघाडीने विजय मिळविला. वर्षभरात तिची पारितोषिकांची कमाई १४,८०० डॉलर झाली. त्याच वर्षी पुरुषांच्या मालिकेत अग्रेसर ठरलेल्या सॅम स्नीडची कमाई ३५,७५८ डॉलर होती. स्त्रियांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूस पुरुषांतील सर्वश्रेष्ठाच्या निम्मीही रक्कम मिळाली नाही. मग यादीत खाली असणाऱ्या खेळाडूंचा प्रवासखर्च तरी निघत असेल काय, याची कल्पना वाचकास सहज करता येईल.

कार्यपद्धती : संस्थेजवळ पगारी कर्मचारीवर्ग जवळजवळ नव्हता. मैदानाची आखणी, निशाणांच्या जागा ठरविणे, नियमांचा अर्थ लावणे, जोड्या पाडणे, गुणपत्रके तपासणे, पत्रव्यवहार व हिशेब ही कामे खेळाडूच वाटून घेत. एका गावाहून दुसऱ्या गावी त्या मोटारींच्या तांड्याने जात. प्रेक्षक मिळविण्यासाठी बेसबॉलच्या मैदानावर सामन्यापूर्वी फटके मारून दाखविणे, स्थानिक मंडळांत भाषणे करणे, असेही मार्ग अवलंबावे लागत. जी प्रतिस्पर्धी तीच पंच, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. ती टिकली याचे कारण, संस्था बुडाली तर सर्वांचीच उपजीविका बुडणार, ही जाणीव प्रत्येकीला होती.

उत्तरकाळ : १९५३ पासून अमेरिकी खुल्या महिला स्पर्धेचे आयोजन अमेरिकी गॉल्फ संघटनेने हाती घेतले. त्याच वर्षी बेबवर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १९५४ मध्ये तिने हीच स्पर्धा १२ फटक्यांच्या आघाडीने जिंकली आणि २७ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ती निधन पावली. एका तारांकित नावावर उभी असलेली मालिका तिच्यामागे कोसळेल, ही भीती खरी ठरली नाही. १९५९ पर्यंत स्पर्धांची संख्या २६ व पारितोषिकांची रक्कम दोन लाख डॉलरांवर गेली. १९६३ मध्ये अमेरिकी खुल्या स्पर्धेची अंतिम फेरी दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविण्यात आली. पुरुषांच्या संघटनेच्या घटनेत १९६१ पर्यंत असलेला केवळ गौरवर्णीयांना प्रवेश देणारा नियम स्त्रियांच्या संघटनेत नव्हता. तरीही पहिली कृष्णवर्णीय सदस्या, टेनिसपटू ॲल्थीया गिब्सन (१९२७–२००३), येण्यास १९६४ साल उजाडले. नियम उदार असला, तरी मैदानांचे दरवाजे तितके उदार नव्हते.

मार्लीन बाऊअर-हॅग हिचे २०२१ मध्ये व शर्ली स्पॉर्कचे २०२२ मध्ये निधन झाल्याने संस्थापिकांची पिढी संपली.

भारत व महाराष्ट्र : भारतात गॉल्फ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा व मुंबईचा १८४२ चा. चेंबूर येथील बाँबे प्रेसिडेन्सी गॉल्फ क्लब १९२७ मध्ये स्थापन झाला. क्लब व लष्करी छावण्या यांच्या आश्रयाने वाढलेल्या या खेळात भारतीय स्त्रिया दीर्घकाळ हौशी म्हणूनच खेळत राहिल्या. स्मृती मेहरा ही एलपीजीए मालिकेत स्थान मिळविणारी पहिली भारतीय खेळाडू होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय महिला गॉल्फ संघटनेने (विमेन्स गॉल्फ असोसिएशन ऑफ इंडिया) देशांतर्गत व्यावसायिक मालिका सुरू केली. निरनिराळ्या शहरांत भरणाऱ्या तिच्या टप्प्यांपैकी काही मुंबई व पुणे येथेही झाले. व्यावसायिकांबरोबर हौशी खेळाडूंनाही तीत प्रवेश असल्यामुळे १९५० च्या अमेरिकेशी तिचे साम्य लक्षात येते. महिलांची भारतीय खुली स्पर्धा २००७ पासून भरू लागली. २०१० मध्ये ती यूरोपीय मालिकेस जोडली गेली आणि २०१६ मध्ये अदिती अशोक ही ती जिंकणारी पहिली भारतीय ठरली. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) तिचे पदक एका फटक्याने हुकले. दीक्षा डागर हिने २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची खुली स्पर्धा जिंकली.

मुंबई व पुणे यांच्या दरम्यान रायगड जिल्ह्यात सिडकोने खारघर (ता. पनवेल) येथे मैदान उभारले आहे. परंतु मैदान असणे आणि ते लाभणे यांत फरक आहे. पलीकडच्या खालापूर-कर्जत तालुक्यांतील एखाद्या शाळकरी मुलीस साहित्य, मार्गदर्शन व नियमित प्रवेश या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या, तरच हा खेळ तिच्या दृष्टीने व्यवसायाचा पर्याय ठरू शकेल.

मूल्यमापन : १९५० च्या हंगामाचे महत्त्व त्यातील विक्रमांपेक्षा त्याने घालून दिलेल्या पायंड्यात आहे. खेळाडूंनी स्वतःची संस्था स्वतः चालविली, तिचे नियम स्वतः पाळले आणि अल्प मोबदल्यातही मालिका खंडित होऊ दिली नाही. जपानमध्ये १९६० नंतरच्या दशकात व यूरोपमध्ये १९७८ मध्ये अशा संघटना निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे हेच उदाहरण होते. स्त्रीच्या खेळास योग्य मोल मिळावे ही मागणी पुढे इतर खेळांतही करण्यात आली. गॉल्फमध्ये ती तेरा जणींनी प्रथम हिशेबाच्या वहीत उतरवून दाखविली.